ईनबाईंचा ढेमशाचा केक

ईनबाई, तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. तुमच्या पुण्यानुमोदनाला, बाराव्या दिवसाच्या शोकसभेत, पाच-सहा जण उठून बोलले. अंगणवाडीच्या मॅडम बोलल्या, तुमचे धाकटे दीर बोलले, समोरच्या घरातली ती शिक्षिका तर बोलता बोलता रडायलाच लागली. मग तुमच्या संदेशनं, माझ्या जावयानं, माझ्याकडे पाहिलं. ‘मामी, तुमी दोन शब्द बोलता काय?’ मी मानेनंच नाही म्हटलं. लोकांना वाटलं, बाईला गहिवरून आलं. गहिवर नव्हता तो. मला जे बोलायचं होतं ते पांढऱ्या कपड्यांत बसलेल्या दीडशे माणसांपुढे बोलण्यासारखं नव्हतं. मला सांगायचं होतं की सहा वर्षं मी या बाईवर जळत आले, आणि ती गेली तरी माझं जळणं काही थांबलेलं नाही.

आमच्याकडे विहिणीला ईन म्हणतात. पण तुम्हाला ईनबाई म्हणताना माझी जीभ पहिल्या दिवसापासून जड व्हायची.

तो पहिला दिवस तुम्हाला आठवत असेल. एप्रिलचा महिना होता. आम्ही अमरावतीहून तुमचं घर पाहायला अकोल्याला आलो होतो. मी, प्रज्ञाचे बाबा आणि प्रज्ञा. मुलीला बरोबर आणायची पद्धत नव्हती, पण ‘जिला राहायचं हाये तिनं घर पाहू नये काय?’ असा तुमचाच निरोप होता. तुम्ही आम्हाला कूलरसमोर बसवलं. थोड्या वेळानं चहाबरोबर पोहे येतील असं मी धरून चालले होते. आल्या त्या जाड त्रिकोणी फोडी. कडा लालसर, वर तीळ आणि मोहरीची फोडणी, आतून हिरवट पिवळ्या.

‘कायचा हाये?’ मी विचारलं.

‘ढेमशाचा केक. तिखट हाये. घ्या ना.’

मी प्रज्ञाकडे पाहिलं. ढेमसं म्हणजे त्या पोरीचा जन्माचा वैरी. आमच्या वऱ्हाडात उन्हाळा लागला की बाजारात मुठीएवढी हिरवी, गोल ढेमसं येतात आणि घरोघरी त्यांची चण्याची डाळ घालून भाजी होते. मीही दवाखान्यातून ड्यूटी करून आले की तीच टाकायची. ही पोरगी एक एक फोड ताटाच्या कडेला सारून तिथं ढीग लावायची. रागावून झालं, उपाशी ठेवून झालं, ढेमशाला तोंड लावलं नाही. आणि त्या दिवशी तुमच्या घरी तिनं एक तुकडा खाल्ला, बोटं पुसली आणि स्वतःहून विचारलं, ‘अजून एक घेऊ काय?’

मी हसत हसत म्हटलं, ‘आमच्या घरी तं ही ढेमशाले हात लावत नाई.’

तुम्हीही हसत म्हणाल्या, ‘त्यात भाजीचा काय दोष, बाई? भांडं बदललं की चव बदलते.’

तुम्ही सहज बोलल्या असाल. मी ते बडनेरा येईपर्यंत चघळत होते. जावई कसा आहे, घर कसं आहे, पाणी किती दिवसांनी येतं, हे सगळं प्रज्ञाचे बाबा बोलत होते. माझ्या डोक्यात एकच. माझ्या भांड्याला काय झालं होतं?

लग्न झालं. पहिल्या उन्हाळ्यात मी एक विजेवरचा ओव्हन विकत आणला. कोणाला सांगितलं नाही. ढेमसं किसली, मीठ लावलं, पिळली, पाणी फेकलं, रवा-बेसन-दही सगळं अंदाजानं घातलं. बाहेर आलं ते वर कडक, आत कोरडं, खाली चिकटलेलं. प्रज्ञाच्या बाबांनी दोन घास खाल्ले आणि पाण्याचा अख्खा तांब्या रिकामा केला. मी प्रज्ञाला फोन लावला आणि इकडचं तिकडचं बोलून मग विचारलं, ‘त्या केकात रवा किती घालते वो तुझी सासू?’ ती म्हणाली, ‘थांब, आईले विचारते.’

‘आईले विचारते.’ आईशीच बोलत असताना.

तेव्हापासून माझं नाव बदललं. फोनवर ‘आई म्हणे’ असं आलं की ते तुम्ही. माझ्याबद्दल तुमच्या घरात काही निघालं की ‘अमरावतीची आई’. लग्न होऊन वर्ष झालं नाही तोवर माझ्या नावामागं गाव लागलं, आणि तुम्ही नुसत्या आई.

तुम्ही वाईट असत्या तर फार बरं झालं असतं. हे मी खरं सांगते. सुनेला राबवणारी, टोमणे मारणारी सासू असती तर मी पोरीच्या बाजूनं उभी राहिले असते, तिला घरी आणलं असतं, तिचे डोळे पुसले असते. तुम्ही तशी संधीच दिली नाही. अंगणवाडीतून तुम्ही दुपारी अडीचला घरी यायच्या आणि प्रज्ञा शाळेत शिकवून तीनला. दोघी मिळून चहा घ्यायच्या. तुमचा तो ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन, झाकणाला काच असलेला, ओट्यावर तापत असायचा. तुम्ही तिला मूर्तिजापूरच्या गोष्टी सांगायच्या. तुमचे वडील रेल्वेत होते, दिवाळीत मोहल्ल्यातल्या बायका नानखटाईचे ट्रे घेऊन बेकरीच्या भट्टीवर रांग लावायच्या, आणि बारा वर्षांच्या तुम्ही एकदा त्या रांगेत ढेमशाच्या पिठाचा ट्रे घेऊन उभ्या राहिल्या. बेकरीवाले चाचा म्हणाले होते, ‘बेटी, सब्जी का केक? मेरी भट्टी भी हँसेगी.’ तरी त्यांनी भट्टी जराशी निवल्यावर ट्रे आत सरकवला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, ‘कल फिर लाना.’ ही गोष्ट मला प्रज्ञानं पाच वेळा तरी सांगितली. माझ्या लहानपणाची एकतरी गोष्ट तिला माहीत आहे काय, हे मी कधी विचारलं नाही. उत्तराची भीती होती.

मग प्रज्ञाला दिवस गेले.

ईनबाई, मी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, त्यातली बावीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात. मेळघाटापासून वरूडपर्यंतच्या किती बायांची लेकरं या हातांत पहिल्यांदा रडली त्याची गणती नाही. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि माझ्या पोरीचं माहेर म्हणजे तर साक्षात मी. मी खोली रंगवून घेतली. डिंक आणला, खारका आणल्या. सातव्या महिन्यात तिला न्यायला अकोल्याला आले. तुम्ही स्वयंपाकघरात ढेमसं किसत होत्या. प्रज्ञा आतल्या खोलीत पडून होती, बाहेरही आली नाही.

‘तयारी झाली काय तिची?’ मी विचारलं.

तुम्ही मान वर केली नाही. ‘ती इथंच राहीन म्हणतो, ईनबाई.’

‘कोण म्हणते?’

‘मीच म्हणतो. माझ्या घरचं पहिलं लेकरू हाये. इथंच होऊ द्या.’

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. मी काय काय बोलले ते तुम्हाला पाठ असेल, मलाही पाठ आहे. मी म्हटलं, तुम्ही केक खाऊ घालू घालू माझ्या पोरीले फितवलं. तुम्ही म्हणाल्या, ‘फितवाले ती काय लहान हाये?’ आणि मग मी ते बोलले. ‘तुमाले पोरगी झाली नाई म्हणून दुसऱ्याची घेता काय?’

तुमचा हात किसणीवर थांबला. आधीचा केक ओव्हनमधून निघालेला होता. तुम्ही त्यातला अर्धा कापला, कागदात गुंडाळला, त्यावर पिशवी चढवली आणि माझ्या हातात दिली. ‘एसटीत खाजा. उपाशी जाऊ नका.’

मी तो खिडकीतून फेकून देणार होते. मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा पिशवी उघडली, फेकायलाच. अजून कोमट होता. मी एक तुकडा मोडला. मग दुसरा. गाडी सुटेपर्यंत मी अख्खा खाल्ला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि शेजारची बाई विचारत होती, ‘लय तिखट हाये काय वो?’ तो इतका चांगला होता, ईनबाई, की मी तुम्हाला त्याबद्दल कधी माफ केलं नाही.

बाळंतपणाच्या दिवशी सकाळी संदेशचा फोन आला आणि मी निघाले. पोहोचले तोवर आपली नात मैत्री जन्मून दीड तास झाला होता. मला वाटलं, झालं, पहिला मानही गेला. खोलीत पाहते तर बाळ पाळण्यात, आणि तुम्ही कोपऱ्यातल्या स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसलेल्या. तिथली सिस्टर मला हसून म्हणाली, ‘या आजी दीड तास झाला बाळाला घेत नाहीत. म्हणतात, अमरावतीची आजी आधी घेईल.’ मी मैत्रीला उचललं. तुम्ही दुरून मान लांबवून पाहिलं, जवळ आल्या नाही. सगळी खोली तुमच्या मोठेपणाकडे पाहत होती. माझ्या हातात नात होती आणि मनात काय आलं सांगू? इथंही हीच पुढं.

त्यानंतरची चार वर्षं मी दोन रात्रींच्या वर तुमच्याकडे राहिले नाही. प्रज्ञाही माहेरी आली की तिसऱ्या दिवशी निघायची. त्याचं खापरही मी तुमच्यावरच फोडलं.

मग या दिवाळीनंतर तुमच्या पोटात दुखू लागलं आणि तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी संदेशला बाजूला बोलावून जे सांगायचं ते सांगितलं. प्रज्ञानं मला फोन केला तेव्हा ती नुसती रडत होती. मी बॅग भरली. प्रज्ञाचे बाबा म्हणाले, ‘तू? तिच्याकडं?’ मी म्हटलं, ‘मी नर्स हावो. मी नाई जाईन तं कोण जाईन?’

पाच आठवडे मी तुमची सेवा केली. सुनेनं आपलं अंग पुसावं हे तुम्हाला चालेना. प्रज्ञा टॉवेल घेऊन आली की तुम्ही तोंड भिंतीकडे करायच्या. माझं चालायचं. मी तुम्हाला कुशीवर वळवायची, पाठीला तेल लावायची, चादर बदलायची, आणि तुम्ही डोळे मिटून म्हणायच्या, ‘हात चांगला हाये तुमचा.’ खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मला थोडं सुख झालं. या घरात प्रज्ञाला जमत नाही असं काहीतरी मला जमत होतं, आणि तुम्हाला माझी गरज होती.

मार्चमध्ये बाजारात पहिली ढेमसं आली. तुमचं जेवण सुटलं होतं, पण तुम्ही म्हणाल्या, ‘एकदा केक करा. वास तरी घेतो.’ मी पलंग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ओढून आणला. तुम्ही तिथून हुकूम सोडत होत्या.

‘साल काढू नका.’

‘काहून? कोवळं असलं तरी सालानं कडू लागते.’

‘कोणाच्या घरी कडू लागते? किसा तसंच.’

मी किसलं, मीठ लावलं, पिळलं आणि पाण्याची वाटी बेसिनकडे नेली. तुम्ही पलंगावरून ओरडल्या, इतक्या जोरानं की मैत्री धावत आली. ‘फेकू नका! त्यातच रवा भिजवा!’

मी वाटी हातात धरून उभी राहिले. ‘सहा वर्षं सांगितलं नाई तुम्ही.’

‘तुम्ही सहा वर्षं विचारलं काय?’

रवा त्या पाण्यात भिजवला. बेसन, दही, आलं-मिरची, ओवा, कोथिंबीर. सोडा अगदी शेवटी. ओव्हन लावून मी तुमच्या पायाशी बसले. घरात आपण दोघी आणि मैत्रीच होतो. मला वाटलं, आता बोलावं. मी म्हटलं, ‘ईनबाई, त्या दिवशी मी तुमाले पोरीवरून बोलली ते...’

‘काचेतून पाहा,’ तुम्ही म्हणाल्या, ‘जळून राहिला असन.’

‘नाई जळत. माझं ऐका तं...’

‘उठून पाहा म्हणतो ना.’

मी उठले. जळत नव्हता. परत येऊन बसले तर तुम्ही डोळे मिटले होते. झोपल्या नव्हत्या, मला कळत होतं. एकतीस वर्षं मी झोपेचं सोंग घेणारे पेशंट पाहिले आहेत. केक झाला, तुम्ही नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवला, आणि म्हणाल्या, ‘मीठ कमी हाये.’ मग बऱ्याच वेळानं, ‘पण झाला.’

तीन आठवड्यांनी तुम्ही गेल्या. मी मनात ठेवलं ते मनातच राहिलं.

आता मूळ गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला बसले.

पुण्यानुमोदन आटोपलं, दुपारी माणसं पांगली. प्रज्ञा मोरीवर चहाचे ग्लास धूत होती आणि रडत होती. बारा दिवस ती तशीच रडत होती. मी मागं उभी राहून पाहत होते आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, ‘माझ्यासाठी एवढं रडशील काय वो?’

तिनं नळ बंद केला. ‘आई, अजून तेच? त्या गेल्या तरी तेच?’

‘मी काय चूक विचारलं? पहिलं बाळंतपण त्यांनी माझ्यापासून घेतलं. मी...’

‘त्यांनी नाई घेतलं!’ ती वळली. तिचे हात साबणानं भरलेले होते. ‘मले इथं कोणं ठेवलं असं वाटते तुले? मीच राहिली. त्या तं रोज म्हणत, माहेरी जाय, पोरी, मायच्या हाताचं सुख परत भेटत नाई. मीच नाई म्हणे.’

‘काहून?’

ती हातांवरचा साबण निपटू लागली. मी परत विचारलं, ‘काहून, प्रज्ञा?’

‘मले तुझी भीती वाटत होती.’ मग ती सावकाश बोलू लागली. ‘मी नववीत होती, टायफाईड झाला होता. तू सलाईन लावलं. भिंतीवर कागद लावला, चार-चार तासानं ताप लिहिला. गोळी एक मिनिट चुकवली नाई. पण माझ्याजवळ बसली नाई, आई. वीस दिवसांत एकदाबी बसली नाई. मी हात धरला की तू नाडी पाहायची. मले वाटलं, बाळंतपणाले तुझ्याकडं आली तं मी परत तुझी पेशंट होईन.’

तो कागद मला आठवत होता. इतका नीट भरलेला कागद होता तो, की डॉक्टरांनी माझं कौतुक केलं होतं.

‘हे मी आईले सांगितलं होतं,’ प्रज्ञा म्हणाली. ‘त्या म्हणे, हे तिले कधी सांगू नको. तिनं आयुष्यभर हेच काम केलं, तिचं काळीज फाटन. मी म्हणीन, मीच ठेवून घेतली. रागावन तं माझ्यावर रागावू दे. ईन कशाले असते मंग?’

ईनबाई, तुम्ही किसणीवर हात थांबवून उभ्या होत्या. मी तुम्हाला पोरगी नसल्यावरून बोलत होते आणि तुम्ही माझ्या पोरीचं गुपित दातांखाली धरून उभ्या होत्या. मला केक बांधून दिला. चार वर्षं मी फोनवर तुटक बोलले, तुम्ही ऐकून घेतलं. पाच आठवडे मी तुमची पाठ पुसली, तेव्हाही सांगितलं नाही. मी माफी मागायला लागले तर मला ओव्हन पाहायला उठवलं. माफी घेतली असती तर खरं सांगावं लागलं असतं, म्हणून ना?

उपकार मोठे आहेत तुमचे. हात जोडते. पण मला माफ करा, हे कळल्यावर माझं जळणं कमी नाही झालं, वाढलं. आधी मला वाटायचं, तुम्ही माझी पोरगी केकनं जिंकली. ते परवडलं असतं. केक शिकता येतो. पण जे ती मला सव्वीस वर्षांत सांगू शकली नाही, ते तिनं तुम्हाला दोन वर्षांत सांगितलं. तुमच्याजवळ असं काय होतं? वॉर्डात तीस खाटा असायच्या, ईनबाई. एकीजवळ बसलं तर दुसरी रक्तस्रावानं जाते. बसायचं नाही, हेच मला शिकवलं होतं. ते मी घरी येताना ॲप्रनसारखं काढून ठेवायला हवं होतं, हे मला कोणी सांगितलं नाही. तुम्ही सांगू शकत होत्या. नाही सांगितलं. तुमच्याशी माझं हे एक भांडण राहिलंच.

परवा प्रज्ञा मैत्रीला घेऊन अमरावतीला आली. आठ दिवस राहीन म्हणाली. आल्या आल्या मी उठले, हे कर ते कर, लिंबू-पाणी, तिच्या डोळ्यांखालचं काळं पाहून लोहाच्या गोळ्या शोधायला लागले. ती म्हणाली, ‘आई, काहीच नको करू.’

जेवणं झाली. मैत्री कूलरसमोर झोपली. प्रज्ञाही तिच्या बाजूला सतरंजीवर आडवी झाली आणि पाच मिनिटांत तिला झोप लागली. किती दिवसांची झोप असेल ती. मी शेजारी बसले. सवयीनं हात तिच्या मनगटाकडे गेला. नाडीवर बोट ठेवणार होते, मग तिचा तळहातच हातात घेतला आणि तसाच धरून बसले. आत पाण्याची मोटर चालू राहिली होती. फोन वाजून थांबला. दोनाचे तीन झाले, चार झाले. माझा गुडघा आखडला, पाठ भरून आली. ओट्यावर सकाळची भांडी पडलेली मला इथून दिसत होती.

पाचच्या सुमाराला तिनं डोळे उघडले. आधी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आपल्या हाताकडे.

‘तू तवापासून इथंच बसून हाये?’

‘हाव.’

तिनं हात सोडवून घेतला नाही. कुशीवर वळली, डोकं माझ्या मांडीवर टेकवलं आणि परत डोळे मिटले.